टॉम जॉन्सन: मक्तेदारीवर गब्बर झालेला माणूस लोकांचा महापौर होऊ शकतो का?

अनवट (धागाकर्ता)
गेले काही दिवस अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराच्या टॉम जॉन्सनने पछाडलंय. जन्म १८५४चा, महापौर १९०१ ते १९०९. त्याआधी ट्राम कंपन्यांचा मालक, पोलाद कारखानदार, दोनदा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेलेला.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा त्याचं घर पार कंगाल झालं होतं. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टनला येणाऱ्या आगगाडीच्या कंडक्टरचा या पोरावर जीव जडला. वर्तमानपत्रं त्याने फक्त यालाच विकायला आणू दिली. पाच आठवड्यांत ८८ डॉलर! मग कंडक्टर बदलला आणि धंदा बसला. मक्तेदारी म्हणजे काय, हे तो तिथे शिकला. पुढे ट्रामच्या धंद्यातही तेच: शहराचा परवाना हातात, स्पर्धक बाहेर.

मग जमिनीच्या किमतीवर कर लावा म्हणणाऱ्या, मक्तेदारीविरोधी अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्जचं पुस्तक हाती पडलं. वकिलाला म्हणाला, यातली चूक शोधून दे. चूक काही निघाली नाही, आणि हा ज्या झाडावर बसला होता त्याच्याच मुळावर उठला. माझ्या मते अमेरिकेतला सर्वांत मोठा महापौर. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक
असहमत. पुस्तक वाचल्यावरही ट्राम कंपन्या सोडल्या नव्हत्या. काँग्रेसमध्ये मक्तेदारीविरुद्ध भाषणं आणि घरी तिचाच नफा. तिजोरी भरल्यावर तत्त्वं परवडतात.

मीरा_क
रोखठोक, हे त्याने कधी लपवलंच नाही. कायदा देतो तो फायदा धंदेवाला म्हणून घेईन, पण प्रतिनिधी म्हणून तो कायदा रद्द करायला मत देईन, असं उघड सांगायचा. स्वतःच्या कारखान्यात रूळ बनत असताना पोलादी रुळांवरचं आयातशुल्क काढा, असं सभागृहात मांडायला छाती लागते.

आणि त्याच्या 'करशाळे'चा विषय कुणीच कसा काढला नाही? पीटर विट नावाचा कामगार चळवळीतला माणूस त्याने नेमला. शहराचे मोठाले नकाशे भिंतीवर लावले, त्यावर जागांची करासाठी धरलेली किंमत. माणसं यायची, आपलं घर शोधायची, मग शेजारची जागा बघायची. आपल्या छोट्या घरावर जास्त आणि कोपऱ्यावरच्या मोक्याच्या जागेवर कमी, हे बोट ठेवून दिसायचं. शेवटी कोर्टाच्या मनाई हुकुमाने शाळा बंद पडली. कुणाला झोंबली, हे वेगळं सांगायला हवं का?

रोखठोक
मीराताई, करशाळा मान्य. पण त्याचं मुख्य वचन होतं ट्रामचं तीन सेंट भाडं. त्यासाठी सात वर्षं कोर्टकचेऱ्या. १९०८मध्ये ट्राम एकदाची हातात आली, तर महिनाभरात संप. सेवा बिघडली, प्रवासी वैतागले आणि त्याच वर्षी सार्वमतात लोकांनीच योजना पाडली. १९०९ला तो स्वतः हरला. ध्येय चांगलं होतं म्हणून कारभाराला सूट द्यायची का?

अनवट
१९०८बद्दल तुमचं बरोबर आहे, मी त्याची बाजू घेणार नाही. एवढं जाळं एकदम ताब्यात घेताना घाई झाली. पण पुढचंही बघा. १९१०च्या तडजोडीत कंपनीचा नफा ६ टक्क्यांवर बांधला गेला आणि भाडं तीन सेंटवर आलं. माणूस हरला, मागणी टिकली. या लढाईत संपत्ती गेली, युक्लिड अ‍ॅव्हेन्यूवरचा वाडा गेला, तब्येत गेली, १९११मध्ये वारला. तिजोरी भरायला आलेला माणूस असा संपत नाही हो.

सांजवारा
ट्रामवरच अडकलात सगळे. खरी कमाई वीज! शहराचं स्वतःचं वीजकेंद्र हवं, हा त्याचा ध्यास. त्याचाच सहकारी न्यूटन बेकर पुढे महापौर झाला आणि १९१४मध्ये मोठं केंद्र सुरू झालं, तीन सेंट युनिटने. १९७८मध्ये बँकांनी कोंडी केली तेव्हा महापौर डेनिस कुसिनिचने ते विकायला नकार दिला. शहराचं कर्ज थकलं, पण १९७९च्या मतदानात लोकांनी वीज राखली. आजही ती शहराचीच आहे.

रोखठोक
विजेचं माझ्या लक्षात नव्हतं, हे कबूल. तरी १९०८वर मी ठाम आहे. थंडीत थांब्यावर ताटकळणाऱ्या बाईला सहा वर्षांनी येणाऱ्या विजेचं काय?

मीरा_क
प्रश्न रास्त आहे. मात्र तो विचारायची जागाही त्यानेच दिली होती. प्रचारसभा तंबूत घ्यायचा, वॉर्डावॉर्डात तंबू हलवायचा आणि विरोधकांना उभं राहून भर सभेत प्रश्न विचारायला सांगायचा. तिथे तुम्ही उठला असतात, तर त्याने तुम्हाला खाली बसवलं नसतं.