त्येनेस, मग तेनेमोस का?

स्पॅनिशमधल्या 'तेनेर' (जवळ असणे) या क्रियापदाची रूपं नुसती पाठ करा, असा एक सल्ला असतो. करा, पण त्यामागची गंमत बघून. तेंगो (मी), त्येनेस (तू), त्येने (तो/ती), तेनेमोस (आम्ही), तेनेइस (तुम्ही), त्येनेन (ते). 'तेंगो' सोडलं, तर आघात (उच्चारातला जोर) धातूवर, म्हणजे मूळ 'तेन'वर, पडला की 'ते'चा 'त्ये' होतो. तेनेमोस, तेनेइसमध्ये आघात पुढे सरकतो, म्हणून 'ते' तसाच राहतो. अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस तेनेस' म्हणतात, तिथेही आघात शेवटी, म्हणून 'त्ये' नाही. 'तेंगो'तला 'ग' मात्र निव्वळ हट्टी. बेंगो (येतो), पोंगो (ठेवतो), साल्गो (बाहेर पडतो) ही त्याचीच भावंडं, चौघांना एकत्रच लक्षात ठेवा.

वापरात आपण अडखळतो ते भूक, तहान, वय सांगताना. हे सगळं 'तेनेर'नेच: तेंगो आंब्रे (भूक लागलीय), तेंगो बेइन्ते आन्योस (वीस वर्षांचा आहे). आणि खूप भूक असेल तर 'मूचा आंब्रे'. इथे 'मुय' (खूप, पण विशेषणाआधी येणारं) चालत नाही, कारण आंब्रे हे नाम आहे. 'जायलाच हवं' म्हणायचं तर 'तेंगो के ईर'.

'मी जेवलोय'साठी मात्र 'तेनेर' नको, तिथे 'आबेर' हे साहाय्यक क्रियापद, त्याचं 'मी'चं रूप 'ए': ए कोमीदो.