मोटरचा वेग मोजताना प्रकाशापेक्षा चुंबक बरा

स्वतः तोल सांभाळणाऱ्या इलेक्ट्रिक एकचाकीचा (युनिसायकलचा) वेग मोजायला रिमवर पांढरा पट्टा चिकटवून इन्फ्रारेड सेन्सरने फेरे मोजायचे, असं एकाने सुचवलंय. घरात ठीक आहे हो. आमच्या म्हापशात जून लागला की तो पट्टा दोन दिवसांत लाल चिखलाने माखतो, मग सेन्सरला काळं-पांढरं सगळं सारखंच!

मी हॉल सेन्सरवर आलो, म्हणजे चुंबक समोरून गेला की सिग्नल देणारा सेन्सर. रिमवर छोटे निओडिमियम चुंबक इपॉक्सीने बसवले, सेन्सर बाहेरच्या कवचाला, मध्ये चारेक मिलिमीटर फट. एका चुंबकाने भागत नाही, फेऱ्याला एकच पल्स (सिग्नलचा ठोका) मिळते. १६ इंची चाकाचा परीघ साधारण १.२८ मीटर, म्हणजे ताशी २० किलोमीटरला सेकंदाला फक्त ४.३ फेरे, सावकाश जाताना आकडा अडखळतो. म्हणून आठ लावले. सेन्सर युनिपोलर (एकाच ध्रुवाला दाद देणारा) असेल तर सगळ्या चुंबकांचा एकच ध्रुव त्याच्याकडे हवा. माझे दोन उलटे चिकटले होते, संध्याकाळभर वेग पाऊणपट दिसला आणि मी कोडमधली चूक शोधत बसलो.

सेन्सरची वायर मोटरला वीज पुरवणाऱ्या जाड फेज वायरींपासून लांब न्या, नाहीतर भलत्याच पल्स मोजल्या जातात. सेन्सरची सिग्नल वायर एरवी पुरवठ्याच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा पुल-अप रेझिस्टर लागतोच.

मोटरच्या आतल्या हॉल सेन्सरमधून सिग्नल घ्यायचा मोह मलाही झाला होता. दर ध्रुवजोडीला एक पल्स आयती मिळते. पण तिथे शॉर्ट झाला तर मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला रोटरची (मोटरच्या फिरत्या भागाची) जागा कळत नाही, तोल जातो, आणि पर्वरीच्या उतारावर आपण थेट तोंडावर. मी तरी त्या वायरींना हात लावणार नाही.