'अज्ञात पदार्थ' की 'अनोळखी पदार्थ'?

विजापूरवेस: सोलापुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा फलक लिहायलोय. विषय टेराहर्ट्झ (सेकंदाला लाख कोटी कंपनं) लहरींची वर्णपटमिती, म्हणजे बंद पाकिटातली पावडर पाकीट न फोडता ओळखणं. मी 'अज्ञात पदार्थ ओळखणे' लिहिलं. बाईंनी त्यावर फुली मारून 'अनोळखी' केलं. अनोळखी माणूस असतो ना? पदार्थ कसा?

यंत्रमाग: बाई बरोबर आहेत. कुठल्या वारंवारतेच्या लहरी किती शोषल्या गेल्या ते बघायचं आणि आधी नोंदलेल्या आलेखांशी ताडायचं, एवढंच हे तंत्र. आरडीएक्स या स्फोटकाची खूण ०.८ टेराहर्ट्झच्या आसपास, लॅक्टोजची, म्हणजे दुधातल्या साखरेची, ०.५३ ला. संग्रहात जोडीचा आलेखच नसेल तर नाव कुठून सांगणार? जुळलं ते कुणाला तरी ज्ञात होतंच.

कडकभाकरी: मग 'बेनामी' म्हणा की ओ! पुडीवर नाव नाही, सातबाऱ्यावरही नाही.

कोशवाला: 'शोषल्या गेल्या' खटकलं. शोषण कामगारांचं होतं. लहरींचं 'अवशोषण'.

यंत्रमाग: 'अव' लावून काय वाढलं? हिंदी पुस्तकांचा वास तेवढा आला.

कडकभाकरी: आमच्या घरी टॉवेल पाणी 'पितो'. पदार्थ लहरी पितो म्हणा.

रसायनवाला: टॉवेलचं बरं काढलंत. कोरड्या टॉवेलात गुंडाळलेली पुडी या लहरींना कळू शकते, ओल्यात नाही. पाणी त्या फार पितं. पत्र्याच्या डब्यातलंही कळत नाही, धातूवरून लहरी परततात. आणि मुळात 'पदार्थ' हाच शब्द सैल आहे. इथे खूण येते ती स्फटिकात रेणू एकमेकांना धरून कसे डोलतात त्यावरून. लॅक्टोज पाण्यात विरघळवा, ०.५३ ची खूण गेली. एकाच औषधाचे दोन स्फटिकप्रकार असले तर आलेखही दोन.

कोशवाला: म्हणजे 'अनोळखी स्फटिक'?

विजापूरवेस: सातवीची पोरं आहेत हो. आणि 'पदार्थ' म्हटलं की त्यांना शेंगाचटणी आठवते.

कोशवाला: 'द्रव्य' घ्या. जुना, स्वच्छ शब्द.

यंत्रमाग: द्रव्य म्हणजे पैसा. देवळाच्या पावतीवर बघा.

कडकभाकरी: बाकी चालू द्या, पण नवा टॉवेल पाणी पितच नाही. दोनदा धुवावा लागतो.

यंत्रमाग: दोनदा? खळ चांगली असेल तर चारदा.