शेजारच्या आजींना घरात कोंडून ठेवतात, काय करावं? (फोंडा, गोवा)

नमस्कार. फोंड्याजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. गाव, इमारत मुद्दाम लिहीत नाही.

शेजारी एक आजी आणि त्यांचा मुलगा, दोघंच असतात. आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या. आम्ही चार वर्षांपूर्वी सावंतवाडीहून इथे आलो, तेव्हा पहिल्या चवथीला हळदीची पानं त्यांनीच आणून दिली आणि पातोळ्या कशा दुमडायच्या तेही बाजूला बसून शिकवलं. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की आमचे पावसुद्धा त्याच घेऊन वर यायच्या.

गेल्या चवथीनंतर त्यांचं खाली उतरणं बंद झालं. मुलगा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. विचारलं तर म्हणाला, "ती विसरते, कुठे निघून गेली तर?" तेव्हा मला पटलं होतं. पण रात्री त्यांच्या स्वयंपाकघरातून "खावपाक दितां न्हय तुका, ओगी राव!" (खायला देतो ना तुला, गप्प राहा!) असं ओरडणं आणि मागोमाग ताट आपटल्याचा आवाज येतो. आजींचा आवाज येतच नाही. आमची सात वर्षांची मुलगी हल्ली वही उचलून पुढच्या खोलीत जाऊन बसते.

दुपारी बाल्कनीच्या गजांतून मी आजींना पेज आणि चेपणीचं तोर (मिठात मुरवलेली कैरी) द्यायचे. इतक्या घाईने खायच्या की बघवत नसे. मागच्या आठवड्यात आमची वाटी त्यांच्याकडेच राहिली आणि मुलाच्या नजरेस पडली. त्या रात्री आरडाओरडा बराच वेळ चालला. दुसऱ्या दिवशी आजींचं मनगट काळंनिळं होतं. मी काही विचारायच्या आत "बाये, कोणाक सांगूं नाका गो" म्हणाल्या आणि खिडकी ओढून घेतली. ती अजून उघडलेली नाही. माझ्या वाटीपायी त्यांना मार बसला, या विचाराने मला झोप लागत नाही.

हा मुलगा बाहेर अगदी चांगला वागतो. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखलं तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढून यानेच हॉस्पिटलात नेलं होतं. त्यामुळे नवरा म्हणतो, आपण मध्ये पडायचं नाही. शिवाय घरमालक त्यांच्याच नात्यातला. उद्या घर खाली करा म्हणाला तर मुलीची शाळा अर्ध्यावर सुटेल. तरी गप्प बसणं मला जमत नाही.

थोडं वाचलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आईलाही मुलाविरुद्ध दाद मागता येते, आणि शेजाऱ्याने प्रामाणिकपणे संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात न्यायाधिकरण स्वतःहूनही निर्वाहाच्या प्रकरणाची दखल घेऊ शकतं. ज्येष्ठांसाठी १४५६७, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे नंबर लिहून ठेवले आहेत. पण मला भीती आहे ती माणसं चौकशी करून निघून गेल्यानंतरच्या रात्रीची. आजी त्यांच्यासमोरही "न्हाणीत पाय घसरला" असंच सांगतील.

म्हणून विचारते. गोव्यात कुणी १४५६७ वर फोन केला आहे का? ते घरी येण्याआधी मुलाला कळवतात का? फोन कुणी केला हे त्याला कळतं का? आजींशी एकट्याने बोलायची सोय होते का? आणि समजा त्या घरातून बाहेर पडायला तयार झाल्या, तर पहिल्या दिवशी त्यांना कुठे नेतात? वाळपईला त्यांची एक भाची आहे एवढं माहीत आहे, पण आधी तिला शोधावं की थेट फोनच करावा, हे ठरत नाही.

मुलगा सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरी नसतो. जे काही करायचं ते त्याच वेळात करता येईल. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी कृपया लवकर लिहा.