विसरलेल्या शब्दांचे पारितोषिक? एलाच्या बर्लिन मैफलीवरून वाद

फोंडेकर: काणकोणकरबाब, दौऱ्यातील मैफलीत मुद्रित केलेला जॅझ गायनाचा अल्बम म्हणजे 'गायिकेच्या चुका आणि श्रोत्यांच्या टाळ्या विकण्याचा धंदा' असे आपण काल लिहिलेत आणि उदाहरण दिलेत ते अमेरिकी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डच्या बर्लिनच्या अल्बमचे, म्हणून हे सविस्तर उत्तर. १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनच्या डॉइचलांडहाले सभागृहात 'मॅक द नाइफ' हे गाणे सुरू करण्यापूर्वीच ती शब्द आठवतील अशी आशा व्यक्त करते. पुढे शब्द खरोखरच विसरतात, तेव्हा लय तसूभरही न सोडता ती हेच गाणे आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग या गायकांची नावे ओळींत गुंफते, लुईचा घोगरा आवाज काढते आणि आपण गाण्याची वाट लावत आहोत हेही सुरात गाऊन टाकते. ज्या शहरात १९२८ साली हे गाणे प्रथम रंगभूमीवर आले, तेथेच हे घडले. या गायनाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले ते विसरण्याबद्दल नव्हे, सावरण्याबद्दल. त्याच मैफलीतील 'हाउ हाय द मून' आपण शेवटपर्यंत ऐकले आहे काय?

काणकोणकर: ऐकले आहे, आणि त्यातील निरर्थक अक्षरांची आतषबाजी मला लांबली असे वाटते. तीच गायिका १९५६ च्या कोल पोर्टर गीतसंग्रहात एकेक शब्द कसा ठेवते ते पाहा. आमच्या गावच्या जत्रेतील नाटकात एक नट नाट्यपदाचा अंतरा विसरला आणि त्याने तीन वेळा ध्रुवपदच घोळवले. लोकांनी त्याला वन्समोअर दिला नाही, ऑर्गनवाल्याकडे पाहून हसले. शिवाय 'प्रत्यक्ष' मुद्रणाचा भरवसा काय? जॅझ वाद्यवृंदाचा नायक ड्यूक एलिंग्टन याच्या १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवातील अल्बमचा बराचसा भाग नंतर स्टुडिओत वाजवून त्यावर टाळ्या चिकटवल्या होत्या.

मडगावकर: न्यूपोर्टचा विषय निघालाच आहे, तर त्या मैफलीत सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तने वाजवणारा पॉल गोन्साल्विस आपलाच माणूस होता, हे कोणीच का सांगत नाही? गोव्याच्या वादकांच्या वाट्याला नेहमी हेच येते. माझे काका मुंबईच्या स्टुडिओंत ट्रम्पेट वाजवत. चित्रपट गाजले, पण तबकडीवर त्यांचे नाव एकदाही छापले गेले नाही.

साळगावची श्रोती: आपल्या काकांविषयीची खंत रास्त आहे, मात्र पॉल गोन्साल्विस अमेरिकेत जन्मला आणि त्याचे आईवडील केप व्हर्देचे, म्हणजे आफ्रिकेजवळच्या तेव्हाच्या पोर्तुगीज बेटांचे होते. पोर्तुगीज आडनाव दिसले की गोव्यातल्या माजोर्ड्याचा माणूस समजायचे, हा आपला जुना खेळ झाला. माजोर्ड्याचे होते ते अँथनी गोन्साल्विस, संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांच्या नावाचे गाणे सगळा देश गुणगुणतो, पण त्यांचे संगीत किती जणांनी ऐकले आहे?

मडगावकर: केप व्हर्दे काय आणि गोवा काय, दोन्हीकडे राज्य एकाच राजाचे होते. आम्हांला थोडा अभिमान बाळगू द्याल की नाही?

फोंडेकर: अभिमान बाळगा, पण कृपया वेगळ्या धाग्यावर. न्यूपोर्टचे उदाहरण काणकोणकरांच्याच विरुद्ध जाते, हे येथे कोणाच्या लक्षातच आलेले नाही. पॉल चुकून व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर वाजवत राहिला, त्यामुळे तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या फितीत त्याचा आवाज दूरचा आला. व्हॉइस ऑफ अमेरिकाची फीत सापडल्यावर १९९९ मध्ये दोन्ही फिती जुळवून खरी मैफल प्रसिद्ध झाली. तिच्यापुढे स्टुडिओतील दुरुस्त्या निष्प्राण वाटतात.

काणकोणकर: म्हणजे खरी मैफल ऐकायला लोकांना त्रेचाळीस वर्षे थांबावे लागले, तोवर ते खोट्या टाळ्यांवर खूश होते! माझे म्हणणे याहून वेगळे काय होते? मुद्रण प्रत्यक्षाचे असेल तर वेष्टनावर तसे लिहावे, आणि डागडुजी केली असेल तर तीही लिहावी.

साळगावची श्रोती: ही अट मला मान्य आहे. मात्र ती विक्रेत्याला लागू होते, गायिकेला नव्हे. बर्लिनच्या फितीत विसरलेली ओळ कोणी कापली नाही, म्हणूनच आज आपण त्यावर भांडू शकतो.

काणकोणकर: ठीक आहे, बर्लिनपुरते आपले म्हणणे मान्य करतो, कारण एला विसरली तरी चालते. आमच्या जत्रेतील नटाने मात्र पुढच्या वर्षी पद पाठ करूनच यावे.