42व्या घटनादुरुस्तीतलं आज नेमकं काय शिल्लक आहे?

शंकासुर: "44व्या दुरुस्तीने 42वी रद्द केली" असं एका नोट्समध्ये वाचलं. पण सरनाम्यात 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' अजून आहेत, मूलभूत कर्तव्यंही आहेत. मग रद्द काय झालं? शिवाय घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या अनुच्छेद 368 मध्ये खंड (4) आणि (5) छापलेले दिसतात, ते लागू आहेत का?

पोटकलम: नोट्समधलं ते वाक्य खोडून टाका. 42व्या दुरुस्ती अधिनियमात (1976) 59 कलमं होती आणि त्यांची वाट एकच झाली नाही.

पुसलं गेलं ते असं: लोकसभेची मुदत 5 वरून 6 वर्षं केली होती, ती 44व्या दुरुस्तीने (1978) पुन्हा 5 केली. न्यायालयांच्या अधिकारांवर गदा आणणारे 32क, 131क, 144क, 226क आणि 228क हे अनुच्छेद मात्र त्याआधीच, 43व्या दुरुस्तीने गेले. हे श्रेय सर्रास 44व्या दुरुस्तीला दिलं जातं.

अर्धवट राहिलेलं उदाहरण अनुच्छेद 74 चं. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक, हे 42व्या दुरुस्तीने लिहिलं. 44व्या दुरुस्तीने ते काढलं नाही. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येईल, एवढीच भर घातली.

जसंच्या तसं टिकलं ते सरनाम्यातले शब्द, मूलभूत कर्तव्यांचा भाग 4क आणि समवर्ती सूचीत (जिच्यावर केंद्र आणि राज्यं दोघंही कायदे करू शकतात) गेलेले विषय. शिक्षण आणि वनं पूर्वी राज्यसूचीत होती. माझ्या मते 42व्या दुरुस्तीचा रोजच्या कारभारावरचा सगळ्यात खोल परिणाम हाच, पण चर्चा मात्र सरनाम्याचीच होते.

तळटीप: 368 चे ते दोन खंड छापील आहेत, पण निर्जीव. मिनर्व्हा मिल्स खटल्यात (1980) सर्वोच्च न्यायालयाने 42व्या अधिनियमाची कलम 4 आणि 55 अवैध ठरवली. कलम 55 ने हे खंड आणले होते: घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, असा त्यांचा आशय. न्यायालय तरतूद अवैध ठरवतं, संहितेतून मजकूर खोडत नाही. खोडायला पुन्हा दुरुस्तीच लागते. म्हणून अधिकृत प्रतीत पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शंकासुर: म्हणजे 44व्या दुरुस्तीतलं सगळं तरी लागू आहे ना?

तळटीप: नाही, आणि परीक्षेतली खोच नेमकी इथे असते. त्या अधिनियमाच्या कलम 1(2) नुसार वेगवेगळ्या तरतुदी वेगवेगळ्या तारखांना अधिसूचनेने लागू करता येतात. आणीबाणीसाठी 'अंतर्गत अशांतता' ऐवजी 'सशस्त्र बंड' हा आधार आला, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा झाला, अनुच्छेद 20 (शिक्षेबाबत संरक्षण) आणि 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत, हे सगळं लागू झालं. कलम 3 ची अधिसूचना मात्र निघालीच नाही. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय एखाद्याला प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवण्याची मुदत त्या कलमाने 3 महिन्यांवरून 2 महिन्यांवर यायची होती. अनुच्छेद 22 मध्ये आजही 3 महिनेच आहेत.

पोटकलम: आणखी एक घोळ क्रमांकांचा. विधेयकाचा क्रमांक आणि अधिनियमाचा क्रमांक एकच नसतो. 44वी दुरुस्ती 45वं विधेयक म्हणून आली होती, जीएसटीची 101वी 122वं विधेयक म्हणून. जुनी वर्तमानपत्रं चाळताना हमखास फसायला होतं.

अर्धीराज्ये: पडताळताना अनुसमर्थनही बघा. सातव्या अनुसूचीतल्या सूचींसारख्या 368(2) च्या परंतुकातल्या (खंडाला जोडलेल्या अटीतल्या) बाबींना हात लागला, तर दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत मिळूनही भागत नाही, किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची संमती लागते. सहकारी संस्थांबद्दलच्या 97व्या दुरुस्तीत (2011) हीच पायरी राहिली. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय. संचालक मंडळ जास्तीत जास्त 21 जणांचं, मुदत 5 वर्षं, असे नियम भाग 9ख ने राज्यांवर घातले, पण राज्यांची संमती घेतलीच नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता अवैध ठरवला. बहुराज्यीय संस्थांना तो लागू राहिला. अनुच्छेद 19(1)(ग) मधले 'सहकारी संस्था' हे शब्दही शाबूत आहेत. त्यामुळे "97वी दुरुस्ती रद्द" हेही वाक्य नोट्समध्ये असेल, तर तेही खोडा.