स्वीट कॉर्नचा कीस पातळ आणि गोडमिट्ट का होतो?

तिखटमीठ

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे माहेर इंदूरचे आहे. त्यांच्या जुन्या वहीत 'भुट्ट्याचा कीस' या पदार्थाची कृती आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून मी तो तीनदा करून पाहिला. वहीतले प्रमाण असे आहे: सहा कणसे, चार चमचे तूप, एक पेला दूध, हिंग-मोहरीची फोडणी, हिरवी मिरची, मीठ, उतरवल्यावर लिंबू आणि वरून ओले खोबरे व कोथिंबीर. ठाण्यात आमच्या जवळच्या दुकानात अर्धवट सोललेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पिवळीधमक कणसे मिळतात, तीच मी तिन्ही वेळा आणली.

पहिली अडचण किसतानाच आली. किसणीखाली कीस कमी आणि पांढरे पाणी जास्त जमले. तुपावर परतायला घेतल्यावर तळाशी लागू लागले, मात्र वरचा थर कच्चाच राहिला. दूध घातल्यावर तर त्याची खीरच झाली. अर्धा तास आटवूनही ती वाटीत घेऊन प्यावी अशीच राहिली. गोडवा इतका, की लिंबू पिळल्यावर सगळे प्रकरण आंबटगोड चटणीच्या वळणावर गेले. सासूबाईंना विचारले, तर 'आमच्याकडे असा होत नसे' एवढेच त्या म्हणतात आणि पानातला कीस मुकाट्याने संपवतात, हे मला अधिक लागते.

माझे हात चुकत आहेत की मका चुकतो आहे? आणि हे कणीस घेऊन कीस करायचाच असेल, तर वहीतले प्रमाण कोठे बदलावे? घरात गोठवलेल्या दाण्यांचे एक पाकीटही पडून आहे. ते वापरता येईल का, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

सराफ्याची गल्ली

ताई, मका चुकतो आहे. मी इंदूरलाच वाढले आणि आमच्या घरी हा कीस श्रावण-भाद्रपदात होत असे, कारण देशी भुट्टे तेव्हाच बाजारात येतात. ही कणसे स्वीट कॉर्नसारखी भडक पिवळी नसतात. दाणा पांढरट किंवा फिकट पिवळा असतो आणि गोडवा अगदी जेवढ्यास तेवढा. आजी कणीस विकत घेताना पाला थोडा बाजूला करून एका दाण्यात नख रोवून पाहत असे. पातळ पाणी उडाले तर कणीस फार कोवळे, काहीच आले नाही तर निबर, आणि दाट पांढरा चीक आला तरच ते पिशवीत जाई. भाजीवाला कुरकुर करत असे, पण आजीचे नख काही थांबत नसे.

आता दुधाविषयी. वहीतले दूध देशी मक्यासाठी लिहिलेले आहे. त्या किसात पिठूळपणा इतका असतो की नुसत्या तुपावर तो कोरडा आणि घशाला लागणारा होतो, म्हणून तो दुधात शिजवून मऊ करावा लागतो. एक पेला दूध तो पाहता पाहता पिऊन टाकतो. तुमच्या कणसात मुळातच ओल आणि गोडी आहे. त्यात पुन्हा दूध, म्हणजे दुधातली साखरही आली. रात्री दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर सराफ्यात ज्या मोठ्या कढया लागतात, त्यांतला कीस पळीने उचलला तर ढीग राहतो, पसरत नाही. घरीही तेच लक्ष्य ठेवावे.

स्वीट कॉर्नसाठी मी पुढीलप्रमाणे बदल केले आहेत. चार कणसे घेऊन मध्यम भोकांच्या किसणीवर किसावीत. मिक्सरमध्ये दाणे फिरवू नयेत, कारण किसताना दाण्याची साले बरीचशी दांड्यालाच चिकटून राहतात, तर मिक्सरमध्ये ती वाटली जाऊन किसात येतात आणि दातांत अडकतात. कीस गाळणीत दहा मिनिटे ठेवावा. खाली गळलेले पाणी फेकू नये, ते कढीत किंवा वरणात चांगले लागते. लोखंडी किंवा जाड बुडाच्या कढईत तूप, मोहरी, हिंग, बारीक चिरलेल्या मिरच्या आणि लगेच कीस घालावा. आच मंद ठेवून उलथन्याने सतत बुडापासून खरवडत राहावे. देशी मक्याला जिथे बारा-पंधरा मिनिटे पुरतात, तिथे इथे पंचवीस मिनिटे सहज जातात. रंग फिकट पिवळ्यावरून मळकट सोनेरी होतो आणि कडेने तूप सुटू लागते, तोपर्यंत हात सोडू नये. दूध घालायचे झालेच, तर शेवटी दोन चमचे, तेही फक्त वासापुरते. मिरच्या दुप्पट घ्याव्यात आणि नारळाचा मोह आवरावा, कारण ओले खोबरेही गोडच असते. तळाशी जी तांबूस खरवड जमते, तिच्यासाठी आमच्याकडे भावंडांत भांडणे होत.

मृगाचा शेतकरी

वरचे उत्तर स्वयंपाकाच्या बाजूने पूर्ण आहे, तरी यामागचे कारण समजून घेतले तर प्रमाण बदलताना अंदाज चुकणार नाही, म्हणून थोडे लिहितो. माझे शिक्षण शेतीचे आहे आणि घरी थोडा मका असतो.

साध्या मक्याच्या दाण्यात पानांकडून येणारी साखर वेगाने स्टार्चमध्ये, म्हणजे पिठात, बदलत जाते. गोड मक्यात हे काम करणाऱ्या साखळीत जनुकीय बदलामुळे अडथळा आलेला असतो, त्यामुळे साखर दाण्यातच साठून राहते. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुन्या प्रकारात साखरेबरोबर ग्लायकोजेनसारखा एक विरघळणारा पदार्थ तयार होतो आणि दाणा सायीसारखा लागतो. दुसऱ्या, अतिगोड प्रकारात साखर आणखी जास्त, पण पीठ फारच कमी असते. या दुसऱ्या प्रकारातील गोडव्याकडे इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांचे लक्ष १९५०च्या दशकात गेले आणि त्यावरून पुढे संकरित वाणे निघाली. महाविद्यालयात आमच्यासमोर दोन थाळ्यांत बियाणे ठेवले होते. एका थाळीत साध्या मक्याचे टपोरे, गुळगुळीत दाणे आणि दुसरीत गोड मक्याचे मनुकांसारखे सुरकुतलेले, चपटे दाणे. आत भरायला पीठच नसल्यामुळे दाणा वाळला की तो आत बसतो. ते बियाणे हातात घेतल्यावर पोकळ लागते.

आता कढईकडे येऊ. मक्याचे पीठ साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगते आणि मिश्रण दाट होते. पिठले जसे एका क्षणी 'धरते', तसेच हे धरणे असते. तुमच्या किसात धरणारे पीठच अपुरे आहे, त्यामुळे तो दाट होण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे पाणी आटवणे. पाणी आटले की साखर तीव्र होते आणि तीव्र झालेली साखर मोठ्या आचेवर तळाला करपते. तळ लागलेला आणि वर कच्चा, हे तुमचे वर्णन याच साखरेचे आहे.

म्हणून माझी सूचना अशी की बाहेरून थोडे पीठ द्यावे. दोन वाट्या किसाला दोन चमचे मक्याचे पीठ तुपावर वेगळे भाजून, कीस अर्धा परतून झाल्यावर घालावे. हे पीठ म्हणजे भाकरीसाठी किंवा मक्याच्या रोटीसाठी मिळणारे पिवळसर, किंचित रवाळ पीठ. दुकानात कॉर्नफ्लोअर नावाने मिळणारी पांढरीशुभ्र पूड घेऊ नये. ती निव्वळ स्टार्च असते, तिने कीस दाट होण्याऐवजी बुळबुळीत होतो आणि मक्याची चवही वाढत नाही.

एक अवांतर: कोणाला परसात किंवा शेतात गोड मका लावायचा असेल, तर साध्या मक्यापासून तो दूर लावावा किंवा पेरणीत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. साध्या मक्याचे पराग येऊन पडले, तर ज्या केसांवर ते पडतात तेवढे दाणे त्याच हंगामात, त्याच कणसात पिठूळ भरतात. गोड दाण्यांच्या मध्येच काही दाणे कडक लागले, तर बियाणेवाल्याला दोष देण्याआधी शेजारच्या बांधाकडे पाहावे.

पाट्यावरचा ठेचा

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु मला मूळ हट्टच पटत नाही. ज्या मक्यात पीठ नाही, त्याच्याकडून पिठाचे काम करून घ्यायचे आणि मग वरून पीठ घालायचे, यापेक्षा त्या दाण्याचा जो गुण आहे तो वापरावा. स्वीट कॉर्नचा दाणा पाच मिनिटांत शिजतो आणि शिजल्यावरही टचटचीत राहतो. देशी दाण्याला कुकरच्या चार-पाच शिट्ट्या द्याव्या लागतात. म्हणजे हा दाणा रश्श्यासाठी आणि उसळीसाठी चांगला आहे.

आमच्या घरी कणसाचे दोन बोटे जाडीचे गोल काप करून, दांड्यासकट, रस्सा होतो. कापताना सुरी जड असावी आणि एका दणक्यात खाली यावी. घासत बसले तर दाणे चिरडतात आणि हातही सुटतो. कांदा आणि सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजून, लसूण-आल्याबरोबर पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटावे. तेल जरा सढळ घ्यावे, त्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, काळा मसाला आणि लाल तिखट घालावे, मग काप आणि गरम पाणी. रश्श्याला दाटपणा शेंगदाण्याच्या कुटाने येतो. चार कणसांना अर्धी वाटी कूट पुरे. शेवटी चिंचेचा कोळ घालावा. दांड्यातला गोडवा रश्श्यात उतरतो आणि काप हातात धरून चोखत खावे लागतात, त्यामुळे ही भाजी पाहुण्यांसमोर वाढताना पाहुणे कोणत्या पठडीतले आहेत ते पाहून घ्यावे.

एकच गोष्ट जपायची. पुणे-मुंबईकडच्या हातांना प्रत्येक आमटी-उसळीत गुळाचा खडा टाकण्याची सवय असते. या मक्यात तो खडा टाकू नये. इथे गुळाचे काम मक्याने आधीच केलेले आहे. उसळ केली तरी आमसूल, मिरची आणि भरपूर लसूण, एवढ्यावरच थांबावे.

सराफ्याची गल्ली

ठेचा यांचा रस्सा मी नक्की करीन, पण ज्या घरात इंदूरची आठवण काढली जात आहे, त्या घरी रस्सा वाढून कीस मागणाऱ्याचे समाधान होणार नाही. मक्याच्या पिठाची सूचना मला नवी आहे आणि ती पटते. आमच्याकडे काहीजण बेसन घालतात, पण बेसनाचा वास मक्यावर चढतो.

गोठवलेल्या दाण्यांचा प्रश्न राहून गेला. ते दाणे गोठवण्यापूर्वी गरम पाण्यातून काढलेले असतात, म्हणजे थोडे शिजलेले असतात, आणि किसता येत नसल्यामुळे मिक्सर टळत नाही. सालांचा त्रास होणारच. त्यापेक्षा ते पाकीट उपम्यात किंवा भाताच्या खिचडीत संपवावे. वापरण्यापूर्वी दाणे पूर्ण सुटे होऊ द्यावेत आणि पाणी निथळून टाकावे, नाहीतर फोडणीत टाकल्याबरोबर तेल अंगावर येते.

तिखटमीठ

सर्वांचे आभार. काल रविवारी पुन्हा केला. चार कणसांचा साधारण दोन वाट्या कीस निघाला आणि गाळणीतून अर्ध्या वाटीहून अधिक पाणी गळले. एवढे पाणी मी आजवर आटवत बसत होते. लोखंडी कढई माळ्यावरून काढली. दूध अजिबात घातले नाही. मक्याचे पीठ दोन चमचे घातले आणि खरोखरच, घातल्यापासून तीन-चार मिनिटांत कीस उलथन्याला एकत्र येऊ लागला. पूर्वी तो नुसता सरकत असे. मिरच्या सहा घेतल्या, सवयीच्या तीनऐवजी. पंचवीस नव्हे, मला तीस मिनिटे लागली. खांदा दुखला, पण तळ करपला नाही.

सासूबाईंनी पहिला घास खाऊन 'लिंबू जरा कमी झाले' असे म्हटले. गेल्या तीन खेपांत त्यांनी काहीच म्हटले नव्हते, त्यामुळे हे मी प्रगती धरते. नंतर त्यांनी स्वतः उठून बडीशेप थोडी भरडून वरून टाकली. वहीत ती कोठेच लिहिलेली नाही. विचारले, तर म्हणाल्या, 'ती तर घालतातच.'

वाटीभर कीस उरला आहे. तो गरम करताना पुन्हा सुका पडेल का?

सराफ्याची गल्ली

थोडा सुका पडेल, आणि तुपाचा हबका दिला तरी कालची चव येणार नाही. त्यात ज्वारीचे आणि थोडे बेसनाचे पीठ, कांदा, ओवा व चिमूटभर हळद घालून थालीपीठ लावावे. पाणी घालण्यापूर्वी पीठ नीट मळून पाहावे, किसाच्या ओलाव्यावरच बहुतेक भिजते. तवा मंद ठेवावा, कारण साखर अजून आतच आहे आणि थालीपीठ इतर थालीपिठांपेक्षा लवकर काळे होते. आणि बडीशेपेचे खरे आहे, आमची आजीसुद्धा घालत असे. मीच लिहायला विसरले.